बॅटरी-पॉडचं झाकण दर बुडीनंतर सैल होतंय? क्रमाने काय तपासाल

पाणबुडी वर आली, ट्रेलरवर बसवली, पाना घेऊन पॉडपाशी गेलात आणि पान्याची गरजच पडली नाही. नट बोटांनीच फिरला. हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता पान्याच्या आधी बोट लावून बघायची सवयच लागली आहे. एक-दोन माणसांच्या पाणबुड्यांत मुख्य कवचाच्या खाली किंवा बाजूंना बॅटऱ्यांची नळकांडी, म्हणजे पॉड, असतात आणि त्यांची तोंडं काढत्या-घालत्या झाकणांनी बंद केलेली असतात. जॉर्ज किट्रिज यांची के-३५० ही त्यातली बऱ्याच जणांच्या ओळखीची बनावट. नावातला ३५० हा फुटांतल्या खोलीचा आकडा. तुमची बनावट वेगळी असली तरी झाकणाच्या तक्रारी साधारण त्याच असतात.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढे वाचा.

- बुडीआधी नीट आवळलेले नट बुडीनंतर हाताला सैल लागतात. सगळे नाही, बहुतेकदा शेजारशेजारचे तीन-चार.
- पॉडच्या तळाशी चमचा-दोन चमचे पाणी सापडतं. किंवा गळतीचा दिवा खोलवर असताना लागत नाही, वर येऊन लाटांवर डोलायला लागलं की लागतो.
- झाकण उघडताना ‘फुस्स’ होतं. किंवा याच्या उलट, सगळे नट काढले तरी झाकण जागचं हलत नाही.
- ओ-रिंग (झाकणाखालची, पाणी अडवणारी रबरी रिंग) एका बाजूला चपटी आणि दुसऱ्या बाजूला गोल निघते, किंवा तिच्यावर चिमटा बसल्यासारखा छेद दिसतो.
- झाकणाच्या कडेला एकाच भागात पांढरी भुकटी किंवा तपकिरी ओघळ येतात.
- टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरापर्यंत आवळलं की आवाज करणारा) ‘टक्’ म्हणतो, तरी हाताने ढकललं की झाकण किंचित हलतं.

शेवटचं लक्षण फसवं आहे. त्याच्यापायी माझे तीन आठवडे गेले. ती गोष्ट पुढे येईल.

झाकण उडतं ते पाण्याच्या वर

बहुतेकांचा पहिला अंदाज असा, की खोलवरच्या दाबाने झाकण सैल होत असणार. गणित करून बघा. दर १० मीटर पाण्याला साधारण १ बार, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ साधारण १,२५० चौरस सेंटिमीटर भरतं. १० मीटरवर पाणी त्या झाकणाला सव्वा टनाने आत दाबतं, १०० मीटरवर साडेबारा टनाने. तिथे बोल्ट काढून टाकले तरी झाकण निघणार नाही.

बोल्टांची खरी नोकरी सुरू होते ती पृष्ठभागावर. बाहेरचा दाब गेला, लाटा झाकणावर आपटतायत, दोरी ओढतेय, आणि पॉडच्या आतली हवा बाहेर ढकलतेय. ही आतली हवा फार लोक हिशेबात धरत नाहीत. पॉड २० अंशांच्या सावलीत बंद केला आणि उन्हात ट्रेलरवर तो ५० अंशांपर्यंत तापला, तर आत ०.१ बार जादा दाब तयार होतो. ऐकायला किरकोळ, पण त्याच ४० सेंटिमीटरच्या झाकणावर तो जवळजवळ १३० किलोचा ढकला आहे. समुद्रसपाटीला बंद केलेला पॉड १,५०० मीटर उंचीवरच्या तळ्याकाठी नेला तर याच्या दीडपट.

पॉडचं झाकण गेलं तर नळकांडं पाण्याने भरतं. ४० सेंटिमीटर व्यासाच्या, दोन मीटर लांबीच्या नळकांड्याचं एकूण आकारमान २५० लिटर. बॅटऱ्यांची जागा वजा केली तरी जी तरंगण्याची ताकद जाते ती एवढ्या छोट्या पाणबुडीच्या राखीव ताकदीपेक्षा सहज जास्त असू शकते. म्हणून ‘पुढच्या बुडीला बघू’ हे वाक्य या एका झाकणापुरतं तरी तोंडातून काढू नका.

पाना लावण्याआधी

मुख्य स्विच बंद. चार्जर सुटा. मग पॉडचा हवा सोडायचा प्लग अर्धा-एक आटा सैल करून आतला दाब जाऊ द्या. प्लग सैल करताना तोंड आणि छाती झाकणासमोर आणू नका, बाजूला उभे राहा. आवाज पूर्ण थांबेपर्यंत झाकणाच्या एकाही नटाला हात लावायचा नाही.

मी हे एकदा विसरलो. झाकण बंद ठेवूनच रात्रभर चार्जिंग झालं होतं आणि सकाळी मी थेट नट काढायला बसलो. शेवटचे दोन नट उरले असताना झाकण वरच्या बाजूने उघडलं आणि माझ्या मनगटावर आलं. शिशाच्या बॅटरीत चार्ज पूर्ण झाल्यावरही वीज ढकलत राहिलं तर दर अँपिअर-तासाला दर सेलमागे सुमारे ०.४ लिटर हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन सुटतो. १२ व्होल्टच्या एका बॅटरीत सहा सेल असतात. म्हणजे १० अँपिअर-तासांचा जादा चार्ज झाला की एका बॅटरीमागे पंचवीसेक लिटर हायड्रोजन. पॉडमध्ये मोकळी जागा १०० लिटर असेल, तर दोन्ही वायू मिळून आतला दाब जवळजवळ ०.४ बारने चढतो, आणि झाकणावर पाचशे किलोच्या आसपास भार येतो. बंद जातीच्या एजीएम बॅटऱ्या यातला बराच वायू परत पाण्यात बदलतात, पण चार्जर बिघडला की त्यांचेही व्हॉल्व्ह उघडतात. शिवाय हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो. चार्जिंगला झाकण उघडं हवं, हवा खेळती हवी, आणि उघडल्यावर लगेच बॅटरीच्या टोकांशी खुडबुड नको.

१. रंगाची रेघ (फुकट)

प्रत्येक नटापासून झाकणापर्यंत रंगाच्या पेनाने एक सरळ रेघ मारा. पुढच्या बुडीनंतर बघा.

रेघ तुटली असेल तर नट खरोखर फिरला आहे: कंपनं, लाटा, ट्रेलरवरचे धक्के. रेघ जागच्या जागी आणि तरीही नट सैल, तर नट फिरलेलाच नाही; त्याच्याखालचं झाकण आत गेलं आहे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पहिल्याला लॉकनट चालतो. दुसऱ्याला जगातला कुठलाही लॉकनट चालणार नाही, कारण लॉकनट नटाला फिरू देत नाही, पण फट भरून काढत नाही. निम्मे लोक दुसऱ्या आजाराला पहिल्याचं औषध देत बसतात. मी बघितलेल्या सैल झाकणांत दुसराच आजार जास्त.

नट फिरत असेल तर नायलॉनच्या कड्याचे नवे नट घाला. जुना नट नायलॉनच्या भागातून बोटांनी फिरत असेल तर तो संपला, फेका. आटे चिकटवणारं लॉकिंग द्रव वापरायचं असेल तर आट्यांवर ग्रीस अजिबात नको, दोन्हींपैकी एकच. स्प्रिंग वायसरवर माझा विश्वास नाही. मिठाच्या पाण्यात तो आधी गंजतो आणि मग तुटतो.

२. दाब सोडणारा व्हॉल्व्ह (जवळजवळ फुकट)

चांगल्या पॉडला एक छोटा एकदिशा व्हॉल्व्ह असतो: आतला दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला की बाहेर सोडतो, पाणी आत घेत नाही. तो मिठाने किंवा रंगकामात जाम झालेला असतो, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसतं. काढा, गोड्या पाण्यात भिजत ठेवा, बोटाने दाबून बघा. व्हॉल्व्हची तबकडी मऊपणे हलली पाहिजे आणि सोडल्यावर पूर्ण बसली पाहिजे.

ज्यांच्या पॉडमध्ये खोलीनुसार हवा भरून आतला-बाहेरचा दाब सारखा ठेवतात, त्यांनी ही पायरी सगळ्यात गंभीरपणे घ्यावी. ३० मीटरवर आतली हवा ४ बारची असते. वर येताना ती बाहेर पडायलाच हवी. व्हॉल्व्ह अडकला तर पृष्ठभागावर पोचेपर्यंत आत ३ बार जादा, म्हणजे आपल्या ४० सेंटिमीटरच्या झाकणावर पावणेचार टनांच्या आसपास बाहेरचा ढकला. त्यासाठी कुठलेच बोल्ट घातलेले नसतात. असा व्हॉल्व्ह मी दुरुस्त करत नाही, बदलतो.

३. ओ-रिंग (स्वस्त)

रिंग खाचेतून काढताना स्क्रूड्रायव्हर वापरू नका. प्लॅस्टिकचं जुनं कार्ड किंवा लाकडी काडी घ्या. खाचेच्या तळावर आडवा ओरखडा पडला की पाण्याला कायमचा रस्ता मिळतो. खाचेच्या लांबीने गेलेला ओरखडा निदान रिंगखाली झाकला जातो. आडवा मात्र आतून बाहेरपर्यंत जोडतो.

रिंग उजेडात धरा, दोन बोटांत थोडी ताणत पूर्ण फेरी मारा. भेगा, कापल्याची जीभ, चिकटलेला केस. हो, एक केस पुरतो. खाच पुसायला धागे न सुटणारं फडकं घ्या.

मग जाडी मोजा. उदाहरणार्थ ५.३ मिलिमीटर जाडीची नवी रिंग ४ मिलिमीटर खोल खाचेत बसते तेव्हा सुमारे २५ टक्के दबते. समोरासमोर दबणाऱ्या सीलला २० ते ३० टक्के दाब ठीक. तीच रिंग बाहेर काढल्यावर ४.६ मिलिमीटरचीच भरली तर तिची निम्म्याहून जास्त उसळी गेलेली आहे. ती अजून बंद करते, पण झाकण केसभर हललं की मागे उसळून येत नाही. म्हणूनच खोलवर कोरडं आणि लाटांवर ओलं.

ग्रीस पातळ, चमकण्यापुरतं. ग्रीसने गळती बंद होत नाही. रिंग वळताना, सरकताना घासू नये एवढंच त्याचं काम. जाड थर लावला की वाळू गोळा करतो. नायट्राइल रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं, सिलिकॉनच्या रिंगला चालत नाही, ती फुगते. ईपीडीएम रबराच्या रिंगला पेट्रोलियम ग्रीस लावलं की तीही फुगते, आणि फुगलेली रिंग खाच भरून टाकून झाकण पूर्ण बसू देत नाही. रिंग कशाची आहे ते माहीत नसेल तर नवी घ्या, कशाची ते विचारून घ्या.

आडव्या पॉडच्या टोकाला झाकण उभं बसतं. तुम्ही दोन्ही हातांनी ते धरून सरकवत असता, आणि नेमक्या त्याच क्षणी रिंगचा वरचा भाग खाचेतून निसटून खाली लोंबतो. झाकणाच्या मागे असल्यामुळे तो दिसत नाही. तुम्ही बोल्ट आवळता, रिंगचा तुकडा दोन धातूंच्या मध्ये चिरडतो, आणि तेवढ्या भागात झाकण उघडं राहतं. लक्षणांत म्हटलेला तो चिमटा इथलाच. उपाय: घड्याळातल्या १० आणि २ च्या जागी दोन लांब बिनडोक्याचे दांडे आट्यात फिरवून ठेवा, झाकण त्यांच्यावर टांगा आणि सरळ ढकला. शेवटचे ५ मिलिमीटर उरले की टॉर्च लावून फटीतून रिंगची पूर्ण फेरी बघा. मग बोल्ट लावा, दांडे सगळ्यात शेवटी काढा.

४. फट (फीलर गेज, पंधरा मिनिटं)

दुसरा आजार इथे पकडला जातो. झाकण बंद करून बोल्ट पूर्ण आवळा. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्याचं) ०.०५ मिलिमीटरचं पान झाकण आणि फ्लँज (नळकांड्याच्या तोंडाची कड, जिच्यावर झाकण बसतं) यांच्यामध्ये सगळीकडून घालायचा प्रयत्न करा. कुठेही शिरता कामा नये. शिरलं, तर झाकण धातूवर बसलेलं नाही, रिंगवर तरंगतं आहे.

अशा झाकणाचं खोलवर काय होतं? सव्वा टन, अडीच टन येतो, रिंग आणखी दबते, झाकण ती फट खाऊन आत जातं, बोल्ट बेरोजगार होतात. वर आल्यावर ताजी रिंग झाकणाला थोडं परत ढकलते, थकलेली ढकलत नाही. तुम्ही येऊन नट आवळता, पुढच्या बुडीला पुन्हा तेच. दरवेळी थोडं थोडं आवळत गेलं की आजार बरा झाल्यासारखा वाटतो.

फट का राहते? फ्लँजच्या तोंडावर रंग चढलेला, वाळलेलं मीठ, फुगलेली किंवा चुकीच्या जाडीची रिंग, वायसरखाली घट्ट झालेली मळी. हे सगळं खरवडून, पुसून, बदलून सुटतं. खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी. तोंडावर रंग असू नये. अ‍ॅनोडायझिंग असेल तर ते राहू द्या.

५. बोल्टची लांबी (फुकट, पण डोकं लागतं)

आता ते तीन आठवडे. एका पाणबुडीचं झाकण प्रत्येक बुडीनंतर सैल. मालकाने नट-बोल्ट सगळे नवे, उत्तम प्रतीचे घातले होते. रेघ हलत नव्हती, रिंग नवी, रंग खरवडलेला. फीलर मात्र खालच्या बाजूला शिरत होता. टॉर्क पाना तिथेही व्यवस्थित ‘टक्’ करत होता. मी दुसरा पाना आणला, मग तिसरा. शेवटी कंटाळून एक बोल्ट झाकणाशिवाय नुसताच भोकात फिरवला आणि वर किती उरतो ते मोजलं. झाकण आणि वायसर मिळून जेवढी जाडी होती त्याहून दीड मिलिमीटर जास्त बाहेर उरला. नवे बोल्ट जुन्यांपेक्षा ५ मिलिमीटर लांब होते. बंद तळाच्या भोकात बोल्ट तळाला टेकत होता, पाना त्या टेकण्यावर ‘टक्’ करत होता, आणि झाकणाला कुणीच दाबत नव्हतं.

तेव्हा प्रत्येक भोकात पातळ तार घालून खोली मोजा. बोल्टच्या लांबीतून झाकण आणि वायसरची जाडी वजा करा. जे उरेल ते खोलीपेक्षा किमान दोन-तीन मिलिमीटर कमी हवं. भोकाच्या तळाशी ग्रीस-मिठाचा लगदा साचतो, तोही बोल्टला तसाच अडवतो. त्यामुळे तार घालण्याआधी भोक काडीने उकरून, पुसून घ्या. सगळी भोकं मोजा. माझ्या त्या पॉडमध्ये खालची चारच भोकं उथळ होती.

६. आटे आणि आवळण्याची पद्धत

स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवला की तो मध्येच धरतो आणि पुढेही जात नाही, मागेही येत नाही. पाना मात्र टॉर्क दाखवतो. म्हणून निकेलचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) लावायचं, आणि हाताने फिरवायचं. ड्रिलने झर्रकन फिरवू नका, तापून जाम होतो. निर्मात्याचा टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की वंगण लावलेल्या, ते बघा. कोरड्याचा आकडा वंगणावर वापरला तर बोल्ट बराच जास्त ताणला जातो.

अ‍ॅल्युमिनियमच्या फ्लँजमध्ये स्टेनलेसचे बोल्ट समुद्राच्या पाण्यात असतील तर अ‍ॅल्युमिनियम झिजतं. पांढरी भुकटी ती हीच. फ्लँजऐवजी स्वतः झिजायला लावलेला झिंकचा अ‍ॅनोड संपलाय का बघा, आणि फ्लँजला तो विजेच्या दृष्टीने खरोखर जोडलेला आहे का तेही मीटरने बघा.

आवळताना समोरासमोर, ताऱ्याच्या आकारात. पहिली फेरी एक तृतीयांश टॉर्कला, दुसरी दोन तृतीयांश, तिसरी पूर्ण, आणि शेवटी ओळीने एक फेरी. एकाच बाजूने सुरुवात करून गोल गेलात तर झाकण तिरकं बसतं आणि शेजारशेजारचे तीन-चार नट नंतर सैल सापडतात.

७. खटके आणि व्ही-पट्टे

झाकण खटक्यांनी बंद होत असेल तर प्रत्येक खटका मधल्या बिंदूच्या पुढे जाऊन बसतो का ते बघा. नीट बसलेल्याला हाताला ‘टप्’ असा थांबा लागतो. अर्धवट बसलेला लाटेच्या एका धक्क्याने उघडतो. प्रत्येकाला सुरक्षा पिन हवीच. दाब झेलणाऱ्या झाकणावर नुसते खटके मला आवडत नाहीत. बोल्टांची जोड असेल तर ठीक.

व्ही-आकाराच्या पट्ट्याने धरलेलं झाकण असेल तर आवळताना रबरी हातोडीने पट्ट्याभोवती ठोकत फिरा आणि पुन्हा आवळा. पट्टा घर्षणाने टी-बोल्टाजवळच घट्ट होतो, पलीकडची बाजू ढिली राहते. ठोकल्यावर नट चांगला पाव-अर्धा फेरा आणखी जातो, बघाच.

बाहेरचं फायबरग्लासचं फेअरिंग हे वेगळं प्रकरण. ते दाब झेलत नाही, पण त्याला पाणी आत-बाहेर जायला भोकं कमी असली तर वर येताना आत अडकलेल्या पाण्याच्या वजनाने त्याचे खटके उपटतात. भोकं मोठी करा, आणि फेअरिंगला एक दोरी बांधून ठेवा.

८. व्हॅक्यूम चाचणी

इथपर्यंतचं सगळं झाल्यावर. ब्रेकचं तेल काढायचा हातपंप आणि त्यावरचा मीटर पुरतो. बॅटऱ्या आधी बाहेर काढा, कारण बाहेरचा दाब कमी झाला की बंद बॅटऱ्यांचे व्हॉल्व्ह उघडून वायू सोडतात आणि मीटर खोटं बोलतो. पॉड सावलीत ठेवा, ०.३ बारने हवा काढा, पाच मिनिटं स्थिर होऊ द्या, मग अर्धा तास बघा. एका अंशाच्या तापमानबदलाने आकडा दोन-अडीच मिलिबार हलतो, तेवढं धरून चाला. त्याहून जास्त घसरला तर गळती आहे. प्लग, केबल आत शिरते तिथलं सील आणि झाकण एकेक करून वगळा.

या चाचणीची खरी गंमत पुढे आहे. ०.३ बारचा व्हॅक्यूम आपल्या ४० सेंटिमीटरच्या झाकणाला पावणेचारशे किलोने आत दाबतो, म्हणजे ३ मीटर खोलीवर नेल्यासारखं. तो व्हॅक्यूम असतानाच सगळे नट बोटांनी चाचपा. एकही नट सैल लागला तर फट अजून शिल्लक आहे, आणि ते तुम्हाला पाण्यात न उतरता कळलं. चौथ्या पायरीवर परत जा.

व्हॅक्यूम टिकला म्हणजे झाकण पृष्ठभागावरही सुरक्षित, असा अर्थ मात्र काढू नका. व्हॅक्यूम आणि खोली दोन्ही झाकण आत दाबतात. आतून बाहेरचा ढकला यात तपासला जात नाही. तो तपासायला पॉडमध्ये कॉम्प्रेसरने हवा भरण्याचा मोह होईल. भरू नका. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ताकद साठवते, आणि झाकण सुटलं तर ते गोळ्यासारखं येतं. ती चाचणी दाबपात्र तपासणाऱ्यांकडे, पाणी भरून होते.

इथे थांबा, जाणत्याला बोलवा

पॉड उघडताना जलतरण तलावासारखा झोंबणारा वास आला तर क्लोरीन आहे; मिठाचं पाणी शिशाच्या बॅटरीत शिरलं की तो बनतो. मागे फिरा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा, पाना तिथेच राहू द्या. पॉडमध्ये लिथियमच्या बॅटऱ्या आहेत आणि पाणी शिरलंय, किंवा नळकांडं हाताला गरम लागतंय, तर उघडायचंच नाही. लोकांना लांब करा आणि अग्निशमन दलाला बॅटरी कशाची आहे ते सांगून बोलवा.

एखाद्या भोकाचे आटे मेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी बसवायची तारेची गुंडाळी) घालता येतं, पण दाबाच्या भांड्याच्या फ्लँजमध्ये ते काम यंत्रशाळेतल्या माणसाने करावं. दोन किंवा जास्त शेजारशेजारची भोकं गेली असतील तर फ्लँजचाच विचार करायला हवा. सीलच्या तोंडावर नख अडकेल असा खड्डा, वेल्डजवळ केसासारखी भेग, किंवा सपाट पट्टी ठेवल्यावर झाकणाखाली उजेड दिसणं, यातलं काहीही घरी घासून बरं करायचं नाही. वेल्डिंग तर नाहीच. ज्या नळकांड्यात हायड्रोजन साचतो त्याला ठिणगी लावण्याची कल्पना मला ऐकवूही नका. ‘आणखी चार बोल्ट टाकू’ म्हणून नवी भोकं पाडणं हाही तसाच प्रकार: भोक पाडलं की फ्लँज कमजोर होतो आणि मूळ गणित रद्द होतं. पाणबुडीला एखाद्या वर्गीकरण संस्थेचं (जहाजं-पाणबुड्या तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र असेल तर झाकण, बोल्टची प्रत किंवा रिंगचा पदार्थ बदलण्याआधी त्यांच्या सर्व्हेअरला विचारावं लागतं.

आणि वरचं सगळं क्रमाने करूनही तिसऱ्यांदा नट सैल सापडला, तर पाण्यात उतरवू नका. जाणत्याकडे जाताना झाकण, काढलेली ओ-रिंग आणि बोल्ट न्या. बोल्टांना भोकांचे क्रमांक लिहून चिकटपट्टी लावा. रिंगच्या वरच्या बाजूला पेनाने खूण करा, आणि ती पुसू नका. कुठल्या भागावर मीठ आहे आणि कुठला भाग चपटा आहे यावरून त्याला अर्धं उत्तर तिथेच मिळतं.